दगडाचा पत्ता

वांगणीच्या आसपासच्या एका गावात, विहिरीच्या कडेला, एक उभा दगड होता. वरच्या बाजूला चंद्र आणि सूर्य, मध्ये झिजलेल्या अक्षरांच्या तीन ओळी, खाली गाढवाची आकृती. वीसेक वर्षांपूर्वी मी तो पहिल्यांदा पाहिला. तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून नोकरीला होतो आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवरून उल्हास नदीच्या काठची गावे हिंडत होतो. त्या दगडाची वहीत केलेली नोंद अशी : ‘विहिरीजवळ, वडाखाली, गद्धेगाळ, अक्षरे पुसट.’ सोबत एक फोटो.

पुढे रस्ता रुंद झाला. विहीर बुजली, वड गेला आणि दगडही दिसेनासा झाला. तो शोधावा, निदान कुठे टाकला ते कळावे, म्हणून मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, “दगडाची उंची किती होती? कोणत्या गट नंबरात होता? रस्त्याच्या मध्यापासून किती अंतरावर?” माझ्याजवळ यातले काहीच नव्हते. विहीर नाही, वड नाही, म्हणजे माझी नोंदही नाही. दगडावरचे लिखाण वाचायच्या नादात मी दगडाचा पत्ता लिहायला विसरलो होतो.

या घटनेनंतर मी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊ लागलो ते वेगळ्या कारणाने. पूर्वी मी तिथे वस्तू पाहायला जात असे. आता त्या वस्तू तिथे कुठून आल्या, आणि त्या कुठून आल्या हे आपल्याला कशामुळे कळते, हे पाहायला जातो. या लेखात मांडायचे आहे ते एवढेच : पुराणवस्तूचे निम्मे म्हणणे तिच्या अंगावर असते आणि निम्मे ती जिथे सापडली त्या जागेत असते. संग्रहालय पहिले निम्मे जपू शकते. दुसरे निम्मे सापडणाऱ्याने लिहून ठेवले तरच उरते.

मुंबईतली वास्तू

वांगणीहून सकाळची लोकल धरली की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून, हुतात्मा चौक आणि काळा घोडा ओलांडत चालत संग्रहालयापर्यंत जाता येते. इमारतीची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे पुढच्या पाचव्या जॉर्जच्या हस्ते झाली. वास्तुरचनाकार होते जॉर्ज विटेट. इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, पण पहिले महायुद्ध सुरू झाल्याने तिचा वापर लष्करी रुग्णालय म्हणून झाला आणि संग्रहालय म्हणून ती १० जानेवारी १९२२ रोजी खुली झाली. आजचे नाव मिळाले ते १९९८ मध्ये. भिंतींना कुर्ल्याचा काळा-करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड वापरला आहे; घुमटावर विजापूरच्या गोलघुमटाची छाया आहे.

कुर्ल्याचा तो बेसाल्ट आणि आमच्या उल्हास खोऱ्यातला काळा पाषाण एकाच जातीचे. त्यामुळे दारातून आत शिरताना मला परके वाटत नाही. आमच्याकडचे वीरगळ, गद्धेगाळ, अंबरनाथचे शिवमंदिर, सारे याच दगडातले. हा दगड टणक, कोरायला अवघड. आणि तरी पावसापाण्यात आठ-नऊशे वर्षे राहिला की वरचा पापुद्रा सुटून अक्षरे त्याबरोबर जातात. लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला हे लवकर समजते. छिन्नीचा घाव जितका उथळ, तितके त्या अक्षराचे आयुष्य कमी.

तुकडा सांगतो ते गावामुळे

संग्रहालयातल्या ज्या वस्तूंपुढे मी सर्वांत जास्त वेळ उभा राहतो त्या दिसायला अगदी साध्या आहेत. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे दोन तुटके तुकडे. एक १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याच्या भातेला तळ्याजवळ मिळाला. त्यावर आठव्या लेखाच्या काही ओळी आहेत. दुसरा १९५६ मध्ये वसईजवळच्या भुईगावी मिळाला. तो नवव्या लेखाचा. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. आठव्या लेखात राजा म्हणतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, मी मात्र धर्मयात्रेला निघालो. नववा लेख लोक जी नाना मंगलकार्ये करतात त्यांच्याविषयी आहे.

हा मजकूर देशात इतरत्रही मिळतो. गिरनारला मिळतो, वायव्येकडे शाहबाजगढीलाही मिळतो. मग या फुटक्या तुकड्यांचे मोल कशात? ते सोपाऱ्याला मिळाले, यात. अशोकाचे हे चौदा लेख मालिकेने कोरले जात. आठवा आणि नववा मिळाला, म्हणजे सगळी मालिका इथे होती असे अनुमान निघते. आणि ती इथे होती म्हणजे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात शूर्पारक हे बंदर एवढे महत्त्वाचे होते की राजाज्ञा तिथे जाहीर करावीशी वाटली. उत्तर कोकणच्या इतिहासातली ही मोठी गोष्ट आहे. कल्पना करा, हेच तुकडे एखाद्या जुन्या बाजारात, कुठून आले ते न सांगता, कुणाला विकत मिळाले असते. अक्षरे तीच राहिली असती, वाचनही तेच झाले असते. सोपाऱ्याचे नाव मात्र त्यातून निघाले नसते.

म्हणूनच लेखांना नावे देण्याची रीत पाहण्यासारखी आहे. सोपारा लेख, परळ लेख, अक्षी लेख, दिवेआगर ताम्रपट. नाव कोरणाऱ्याचे नाही, दात्याचेही नाही. नाव गावाचे.

परळचा गद्धेगाळ

या संग्रहालयाच्या संग्रहातला दुसरा महत्त्वाचा दगड परळचा. तो उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य याच्या काळातला, शके ११०८ चा, म्हणजे इसवी सन ११८७ च्या सुरुवातीचा. यात षट्षष्टीतल्या, म्हणजे आजच्या साष्टीतल्या, महवली गावच्या एका वाडीच्या उत्पन्नातून दर्भावतीच्या वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी चोवीस द्रम्म नेमून दिल्याची नोंद आहे. मुख्य मजकूर संस्कृतात आहे. शेवटची शापवाणी मात्र मराठीत. त्या खाली गद्धेगाळाचे चित्र.

गद्धेगाळ म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे. राजा किंवा अधिकारी जमीन अथवा उत्पन्न देवळाला, ब्राह्मणाला, मठाला देई. ते दान पुढच्या कुणी मोडू नये म्हणून दगड उभारत. वर चंद्र-सूर्य, कधी कलश. अर्थ असा की चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालावे. मधे मजकूर. खाली, जो कोणी हे मोडील त्याच्या आईची गाढवाकडून विटंबना होईल, असा शाप. आणि तो वाचता न येणाऱ्यालाही कळावा म्हणून तसेच चित्र. शाप दान मोडणाऱ्याला आणि विटंबना त्याच्या आईची, ही त्या काळच्या समाजाची रीत त्यातून उघड दिसते. ती झाकून या दगडांबद्दल लिहिता येत नाही.

मला इथे लक्षात घ्यावीशी वाटते ती भाषा. दानाचा तपशील दरबारासाठी, म्हणून संस्कृत. शाप गावासाठी, म्हणून मराठी. आणि ज्याला मराठीही वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्र. एकाच दगडावर तीन तऱ्हेच्या वाचकांची सोय आहे. मराठीचे जुने लिखित रूप शोधताना आपण कोकणातल्या या दगडांकडे वळतो, त्याचे कारण हेच. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानतात. दिवेआगरचा मराठी ताम्रपट शके ९८२ चा. शं. गो. तुळपुळे यांच्या १९६३ सालच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथात असे लेख एकत्र वाचायला मिळतात. जुनी अक्षरे लावायला मी त्याच ग्रंथावरून, ग्रंथालयात बसून, एकेक अक्षर वहीत उतरवून शिकलो.

गद्धेगाळ हा हद्दीशी आणि उत्पन्नाशी बांधलेला दस्तऐवज आहे. तो ज्या शेताच्या, वाडीच्या, देवळाच्या कडेला उभा असतो, त्या जागेविषयीच बहुधा बोलत असतो. अक्षरे पुसली गेली तरी, तो मूळ जागी असेल तर ‘या जागेचे उत्पन्न कधीतरी कुणाला तरी दान दिलेले होते’ एवढे तो सांगतोच. आमच्या विहिरीजवळच्या दगडाच्या तीन ओळी मला पुरत्या लागल्या नव्हत्या. त्याची जागा मात्र अगदी स्पष्ट होती, आणि मी नेमकी तीच लिहून ठेवली नाही.

अंबरनाथचा आकडा

आता आमच्या घराजवळचे उदाहरण घेतो. वांगणीपासून लोकलने जवळच असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात उत्तरेकडच्या दाराच्या आतल्या बाजूला, वरच्या तुळईवर, एक लेख आहे. त्यात शिलाहार राजा मांवाणी, म्हणजे मुम्मुणी, याचे नाव येते आणि त्याचा भाऊ छित्तराज याचेही. लेख अतिशय झिजलेला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातला आकडा शके ७८२ असा वाचला. पुढे भगवानलाल इंद्रजींनी तोच आकडा ९८२ असा वाचला. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले, म्हणजे शिष्याने गुरूचे वाचन दुरुस्त केले. एका अंकाचा फरक, पण त्यामुळे मंदिर इसवी सन ८६० मधून १०६० मध्ये आले. आज आपण २७ जुलै १०६० ही तारीख सांगतो ती या दुसऱ्या वाचनावरून.

दुसरे वाचन बरोबर कशावरून? एकट्या दगडाकडे कितीही वेळ पाहिले तरी हा वाद मिटत नाही. त्यासाठी दुसरे पुरावे शेजारी ठेवावे लागतात. कान्हेरीच्या लेखांवरून इसवी सन ८६० च्या सुमारास उत्तर कोकणात शिलाहार कपर्दी राज्य करत होता हे दिसते. तिथे मुम्मुणीला जागाच नाही. आणि मुम्मुणीचा एक ताम्रपट शके ९७१ चा आहे. म्हणजे तो ९८२ मध्ये राज्यावर असणे सरळ जुळते.

हा ताम्रपट याच मुंबईच्या संग्रहालयाचा. आमच्या मंदिराच्या राजाचे नाव तांब्यावर कोरलेले तिथे आहे, हे मला पहिल्यांदा छापील पुस्तकात वाचून कळले तेव्हा दोन दिवस झोप आली नव्हती. पण पुढे त्याच्या नावाकडे लक्ष गेले. अभ्यासक त्याला ‘मुम्मुणिराजाचा प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम ताम्रपट’ म्हणतात. नावात गाव नाही. ज्या ताम्रपटाचे मूळ ठिकाण नावाशी जोडले जात नाही त्याला तो सांभाळणाऱ्याचे नाव चिकटते. संग्रहालयाने वस्तू वाचवली, यात शंका नाही. तांबे वितळवून भांडे व्हायला वेळ लागत नाही. तरी परळ आणि सोपारा या नावांशेजारी हे नाव वाचताना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.

माझी दुसरी चूक

विहिरीजवळच्या दगडाचा मी फोटो घेतला होता, असे वर लिहिले. तो फोटो अजून आहे. पण त्याचा उपयोग नाही, आणि तो का नाही हे सांगणे मला कर्तव्य वाटते.

अक्षरे पुसट होती म्हणून मी त्यांत खडू भरला. तेव्हा पुष्कळ हौशी मंडळी असेच करीत. खडूने अक्षरे छान उठून आली. पुढे एका जाणकारांना फोटो दाखवला तर ते म्हणाले, “हे तुम्ही वाचलेलं दिसतंय. दगडावरचं काय आहे?” मी जिथे अक्षर आहे असे समजलो होतो तिथे खडू भरला होता, जिथे मला काही दिसले नाही तिथे रिकामे सोडले होते. फोटोत दगड उरलाच नव्हता, माझा समज तेवढा उरला होता. भाऊ दाजींसारख्या विद्वानाचेही वाचन पुढे दुरुस्त होऊ शकले, कारण अंबरनाथचा मूळ अंक कुणी खडूने ‘७’ करून ठेवला नव्हता.

खडू, चुना, तेल, शेंदूर, ऑइलपेंट, तारेचा ब्रश आणि ॲसिड, यांपैकी काहीही जुन्या लेखाला लावू नये. पुसट अक्षर वाचायचे असेल तर उजेड आडवा पाडावा. सकाळी लवकर किंवा उन्हे कलली की बाजूने येणाऱ्या प्रकाशात उथळ खाचाही सावली धरतात. दगड सावलीत असेल तर आरशाने ऊन वळवावे किंवा अंधार पडल्यावर बॅटरी अगदी कडेने धरावी आणि चारही बाजूंनी वेगवेगळे फोटो घ्यावेत. जाणकार लोक ओला कागद ब्रशने ठोकून दगडावर बसवतात आणि वरून शाईचा हलका बोळा फिरवून ठसा घेतात. ते काम शिकूनच करावे आणि संरक्षित वास्तूत परवानगीशिवाय करू नये.

नेणे, ठेवणे आणि तिसरी वाट

मग असे सगळे दगड उचलून संग्रहालयात नेऊन ठेवावेत काय? मी बरीच वर्षे याचे उत्तर ‘हो’ असे देत होतो. आता इतक्या सहज देत नाही.

परळचेच दुसरे उदाहरण बघा. १९३१ मध्ये रस्त्याचे काम चालू असताना तिथे एकाच शिळेत कोरलेले, सात शिवरूपांचे भव्य शिल्प निघाले. साडेदहा-अकरा फूट उंचीचे. ते इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातले मानतात. लोकांनी ते जवळच्या बारादेवी मंदिरात ठेवले आणि ते आजही तिथेच आहे, पूजेत आहे. संग्रहालयात आहे ती त्याची प्लास्टरची प्रतिकृती. देव गावात राहिला आणि अभ्यासकालाही पाहायला मिळाला. अंबरनाथच्या मंदिराचीही १८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेतल्या मंडळींनी मोजमापे घेतली, रेखाटने केली, साचे काढले. मंदिर जागचे हलले नाही, पण त्या वेळी ते कसे होते याचा पुरावा तयार झाला.

परळलाही रस्ताच होता, आमच्याकडेही रस्ताच होता. फरक एवढाच की परळला काम करणाऱ्यांनी फावडे थांबवून पाहिले आणि पाहिलेले लिहिले गेले.

कायदाही आपल्या बाजूने आहे. जमिनीतून निघालेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. पुरावशेषांची खरेदी-विक्री आणि परदेशी रवानगी यांवर १९७२ च्या कायद्याने बंधने आहेत. राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे. पण यांपैकी कुणालाही, जी गोष्ट कुठे होती हे आपण सांगू शकत नाही, ती शोधून देता येत नाही. हे मी त्या कार्यालयात उभा राहून शिकलो.

नोंद कशी करावी

वांगणीत दृष्टिहीनांची मोठी वस्ती आहे. लोकलमध्ये छोट्या वस्तू विकून अनेकजण घर चालवतात. आमच्या शेजारी असेच एक गृहस्थ राहतात. मी मुंबईहून आलो की ते विचारतात, “आज काय पाहिलंत, भाऊ?” एकदा मी परळच्या दगडाबद्दल अर्धा तास बोललो. राजा, शक, शाप, सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “केवढा आहे? माझ्या कमरेला लागेल की छातीला? मागची बाजू घडलेली आहे की ओबडधोबड?” मला सांगता येईना. मी मागची बाजू पाहिलीच नव्हती.

पुढच्या खेपेला आमच्या जवळच्या एका देवळामागच्या वीरगळाकडे मी त्यांना सोबत नेले. पुजाऱ्यांना विचारूनच त्यांनी बोटे फिरवली. खालच्या चौकटीतला घोडा त्यांनी ओळखला, वरचा चंद्र ओळखला. मग मागे हात घालून म्हणाले, “इथे खाच आहे, रुंद. हा कशात तरी बसवलेला होता.” गेली पंधरा वर्षे मी त्या दगडाचे फोटो काढतो आहे. ती खाच माझ्या एकाही फोटोत नाही.

तेव्हापासून माझी वही बदलली. आता आधी जागा लिहितो : गाव, वाडी, गट नंबर, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, आणि हलणार नाहीत अशा दोन खुणांपासूनचे अंतर. विहीर आणि वड हलतात, हे मला ठाऊक झाले आहे. म्हणून देवळाचा कोपरा, रेल्वेचा पूल, नदीवरचा बंधारा धरतो. मग उंची, रुंदी, जाडी, जमिनीत किती गाडलेला आहे याचा अंदाज. तोंड कोणत्या दिशेला. पुढची, मागची आणि दोन्ही बाजू. फोटोत मोजपट्टी. गावातले लोक त्याला काय म्हणतात, तो मूळचा तिथलाच की कुणी आणून ठेवला, ही ऐकीव माहिती वेगळ्या रकान्यात, सांगणाऱ्याच्या वयासह. सगळ्यात शेवटी अक्षरे. आणि जे लागले नाही तिथे टिंबे. नोंदीची एक प्रत माझ्याकडे, एक ग्रामपंचायतीत, एक पुरातत्त्व खात्याला. संग्रहालयाच्या नोंदवहीत वस्तू दाखल होताना जे लिहिले जावे लागते, जवळपास तेच. फक्त वस्तू आपल्या जागीच राहते.

विहिरीजवळचा दगड मला परत मिळालेला नाही. त्याची नोंद मी नव्या वहीत पहिल्या पानावर केली आहे. उंचीच्या रकान्यात टिंबे आहेत, गट नंबरापुढे टिंबे आहेत, ओळी तीन, तिन्हींपुढे टिंबे.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळजण गावी जातील. वेशीवर, देवळामागे, तळ्याच्या काठी, शेंदूर लावलेला किंवा गवतात आडवा पडलेला एखादा दगड बहुतेक गावांत असतो. त्यावर काय लिहिले आहे हे कळले नाही तरी चालेल. सोबत एक मोजपट्टी न्यावी आणि तो कुठे आहे, केवढा आहे, एवढे लिहून आणावे.